सर्व्हर गेला भोपाळला, सिस्टीमवाल्याने जायचं कुठे?

ग्वाल्हेर : प्रिंटर अडला, नेट गेलं, कुणी पासवर्ड विसरलं की ऑफिसात ज्याच्या नावाने हाक पडते, तो ‘सिस्टीमवाला’. नेमणूकपत्रावर त्याला सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणतात. पंधरा-वीस वर्षांपूर्वी बँकेच्या शाखेपासून कारखान्यापर्यंत ठिकठिकाणी एक थंडगार खोली असायची. आत सर्व्हर, दारात चपला काढायची सूचना आणि किल्ली या माणसाच्या खिशात. आज त्यातल्या बऱ्याच खोल्यांत जुन्या फायली आणि मोडक्या खुर्च्या आहेत. सर्व्हर संपले नाहीत. ते भोपाळ, बेलापूर, पुणे, हैदराबाद अशा ठिकाणी गेले.

लष्करातलं मराठी घर असो की बेळगाव, बिदर, बुऱ्हाणपूरमधलं, ‘कॉम्प्युटरचं शिकला तर गावातच नोकरी लागेल, आई-वडिलांजवळ राहील’ या हिशेबाने अनेक मुलं या कामात शिरली. तो हिशेब बदलला आहे. का बदलला, कोणतं काम गेलं, कोणतं उरलं आणि या वाटेवर असलेल्यांनी काय बघावं, याची ही एकत्र माहिती.

हे काम नेमकं काय?

बाहेरून दिसतं ते प्रिंटर आणि पासवर्डचं काम. खरं काम मागे चालतं. सर्व्हर चालू ठेवणं, रोजचा बॅकअप घेणं आणि तो परत उघडतो की नाही ते तपासणं, नवीन माणसाला खातं देणं, सोडून गेलेल्याचं खातं त्याच दिवशी बंद करणं, सुरक्षेचे अपडेट टाकणं, नेटवर्क सांभाळणं, डिस्क भरत आली की आधीच ओरडणं. काम नीट झालं तर कुणाला दिसत नाही आणि चुकलं तर सगळ्यांना दिसतं, असा हा धंदा. म्हणूनच खर्च कापायची वेळ आली की साहेबांची नजर इथे लवकर जाते.

व्हर्च्युअलायझेशन : एका खोक्यात दहा सर्व्हर

पूर्वी एका कामाला एक सर्व्हर असायचा. हिशेबाचा एक, हजेरीचा एक, मेलचा एक, फायलींचा एक. प्रत्येकाला वेगळं खोकं, वेगळी वीज, वेगळी देखभाल. आणि यातलं बहुतेक खोकं दिवसातला बराच वेळ रिकामंच बसलेलं. महिन्याच्या शेवटी पगारपत्रक काढताना दोन दिवस धावपळ, बाकी आराम.

व्हर्च्युअलायझेशनने ही रिकामी ताकद वापरात आणली. मोठ्या सर्व्हरवर हायपरव्हायझर नावाचं सॉफ्टवेअर बसवतात. ते एकाच मशीनची मेमरी, प्रोसेसर आणि डिस्क वाटून अनेक ‘आभासी’ सर्व्हर तयार करतं. प्रत्येकाला वाटतं, अख्खं मशीन आपलंच आहे. एका वाड्यात दहा बिऱ्हाडं असावीत, प्रत्येकाचं दार वेगळं, पण जोतं आणि छप्पर एकच, तसं.

कल्पना जुनी आहे. आयबीएमने आपल्या मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ मध्येच आणली होती. साध्या, स्वस्त सर्व्हरवर ती आली व्हीएमवेअरमुळे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने २००१ मध्ये सर्व्हरसाठीचं उत्पादन बाजारात आणलं. २००७ मध्ये केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यातच आलं आणि हेच काम फुकट करता येऊ लागलं. दरम्यान २००६ मध्ये अ‍ॅमेझॉनने असे आभासी सर्व्हर तासाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. आज आपण ज्याला क्लाउड म्हणतो त्याची ही सुरुवात. भारतात मायक्रोसॉफ्टची क्लाउड केंद्रं २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत सुरू झाली, अ‍ॅमेझॉनचं मुंबईत २०१६ मध्ये आणि हैदराबादेत २०२२ मध्ये.

हिशेबाच्या वहीत बघितलं तर मालकाला हे का आवडलं ते लगेच कळतं. स्वतःचा सर्व्हर घेतला की तो भांडवली खर्च. पैसे आज एकदम जातात आणि प्राप्तिकरात घसारा वर्षाला ४० टक्क्यांनी मिळत राहतो. पाच वर्षांत खोकं जुनं होतं, पुन्हा खरेदी. क्लाउडचं बिल मात्र दरमहा येतं, त्या वर्षीच्या खर्चात पूर्ण धरलं जातं. एसी नाही, यूपीएस नाही. ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा सर्व्हर रूमचा एसी बंद पडला तर काय होतं हे ज्याने भोगलंय, त्याला यात किती रस असेल हे सांगायला नको. खोकी कमी झाली की ती सांभाळणारी माणसंही कमी लागतात. दहा खोक्यांना दोन माणसं लागत असतील, तर दहा आभासी सर्व्हर एकच माणूस स्क्रीनवरून सांभाळतो, आणि तो त्याच इमारतीत, त्याच गावात असायला हवा असंही उरलं नाही. नोकरीच्या दृष्टीने मोठा बदल हा दुसरा. इमारतीतून सुटलेलं काम देशात कुठेही नेता येतं.

काम बाहेर देण्याचे तीन प्रकार

आउटसोर्सिंग हा शब्द सरसकट वापरला जातो, पण त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत. नोकरीवर तिघींचा परिणाम सारखा नाही.

पहिला प्रकार, काम आपल्याच संस्थेच्या मोठ्या कार्यालयात जाणं. संस्था तीच, पण शाखेतला किंवा जिल्ह्यातला माणूस लागत नाही.

दुसरा, काम बाहेरच्या कंपनीकडे जाणं. सर्व्हर त्यांचे, माणसं त्यांची, आपल्याकडे फक्त करार आणि तक्रार करायचा नंबर. करारात सेवा किती टक्के वेळ चालू राहील, बिघाड किती तासांत दुरुस्त होईल हे लिहिलेलं असतं.

तिसरा प्रकार सरकारी कार्यालयांत सगळ्यात जास्त दिसतो. खुर्ची तीच, काम तेच, पण माणूस एजन्सीचा. सरकारी खरेदीचं जेम पोर्टल २०१६ मध्ये सुरू झालं. त्यावर आता संगणक-टेबलांसारखी मनुष्यबळाची सेवाही निविदेने घेतली जाते. करार संपला की एजन्सी बदलते, माणसाचं ओळखपत्र बदलतं, कधी पगाराची तारीखही बदलते. काम मात्र काल होतं तेच आज.

तिन्ही प्रकार एकाच माणसाच्या आयुष्यात पाठोपाठ येऊ शकतात. आधी सर्व्हर केंद्रात जातो, मग केंद्राचं काम कंपनीकडे जातं आणि गावात उरलेलं मदतीचं काम ठेक्यावर जातं.

ग्वाल्हेरने हे कसं पाहिलं

सर्वांत आधी बँका. कोअर बँकिंग येण्याआधी प्रत्येक शाखेचं खातं शाखेतल्याच सर्व्हरवर असायचं. संध्याकाळी ‘डे-एंड’ होईपर्यंत कुणी तरी थांबायचं, टेपवर बॅकअप घ्यायचं, सकाळी यंत्रणा पुन्हा सुरू करून द्यायचं. शाखेत त्या माणसाला वजन होतं. स्टेट बँकेने टीसीएसच्या मदतीने शाखा एकेक करून केंद्रीय यंत्रणेवर नेल्या आणि खातेदारांचा डेटा नवी मुंबईतल्या बेलापूरच्या केंद्रातून चालू लागला. स्टेट बँक ऑफ इंदूर २०१० मध्ये स्टेट बँकेत विलीन झाली, तोवर शाखेतल्या सर्व्हरचा जमाना जवळपास सरला होता. खातेदाराचा फायदा उघड आहे, कुठल्याही शाखेत पैसे काढा. पण शाखेतलं ‘सिस्टीम’चं कौशल्य निरुपयोगी झालं. बँकेचा कायम कर्मचारी असलेला माणूस काउंटरवर किंवा कर्ज विभागात गेला, त्याची नोकरी टिकली. बाहेरून देखभालीच्या करारावर येणाऱ्या मेकॅनिकचा करार तेवढा आकसला.

दुसरं उदाहरण स्मार्ट सिटीचं. ग्वाल्हेरची निवड स्मार्ट सिटी योजनेत २०१६ मध्ये झाली. शहरातले कॅमेरे, वाहतुकीचे सिग्नल यांवर मोती महालातल्या कंट्रोल कमांड सेंटरमधून नजर ठेवली जाते. पण त्यामागची रचना बघण्यासारखी आहे. मध्य प्रदेशने भोपाळ, इंदूर, जबलपूर, ग्वाल्हेर, उज्जैन, सागर आणि सतना या सात शहरांसाठी क्लाउडवर आधारलेली एकच सामाईक यंत्रणा केली. २०१८ मध्ये भोपाळमध्ये तिचं उद्घाटन झालं, तांत्रिक भागीदार होती एचपीई. प्रत्येक शहराने स्वतःची यंत्रणा उभारली असती तर सात ठिकाणी सर्व्हर रूम आणि सात ठिकाणी ती सांभाळणारी माणसं लागली असती. सामाईक यंत्रणेत सर्व्हरचं अवघड काम एका जागी होतं. शहरात उरतात पडद्यासमोर बसणारे ऑपरेटर आणि खांबावर चढून कॅमेरा दुरुस्त करणारे, खोदकामात तुटलेली फायबर जोडणारे तंत्रज्ञ. रोजगार दोन्हीकडे आहे, पण पगाराची पायरी सारखी नाही.

तिसरं क्षेत्र मालनपूर. भिंड जिल्ह्यात, पण ग्वाल्हेरला खेटून असलेल्या या औद्योगिक वसाहतीत मोठ्या कंपन्यांचे कारखाने आहेत. अशा कंपन्यांची मुख्यालयं दुसऱ्या शहरांत असतात आणि हिशेब, खरेदी, साठा यांचं सॉफ्टवेअर तिथूनच चालवण्याकडे कल असतो. कारखान्यात लागतं ते नेटवर्क, बारकोडची मशीन, वजनकाटे आणि उत्पादनाच्या यंत्रांना जोडलेले संगणक. हे काम दुरून होत नाही. हा मुद्दा पुढे उपयोगी पडेल.

या शहराला धंदा बुडणं नवीन नाही. बिर्लानगरची जे. सी. मिल १९२१ ची, ती १९९२ मध्ये बंद पडली. कामगारांच्या थकबाकीचा प्रश्न नंतर वर्षानुवर्षं रेंगाळला. मिल बंद झाली तेव्हा गेटला टाळं लागलं, मोर्चे निघाले, सगळ्या शहराला कळलं. सर्व्हर रूम बंद होते तेव्हा एकाच माणसाची बदली होते किंवा करार वाढत नाही. मोर्चा काढायला माणसं नसतात. त्यामुळे या बदलाची चर्चाच होत नाही, आणि पुढचा मुलगा त्याच जुन्या माहितीवर प्रवेश घेतो.

शिक्षणाची कमतरता इथे नाही. एमआयटीएस १९५७ पासून, जिवाजी विद्यापीठ १९६४ पासून, एबीव्ही-आयआयआयटीएम १९९७ पासून, शिवाय आयटीआय. राज्य सरकारने आयटी पार्कही उभारला. पण शिकलेल्यांची गर्दी स्टेशनवरच दिसते. गोवा एक्सप्रेस ही एकच गाडी बघा. बेळगाव, मिरज, पुणे, मनमाड, भुसावळ, भोपाळ असं करत ती ग्वाल्हेरला येते आणि पुढे दिल्लीला निजामुद्दीनला जाते. ग्वाल्हेरचा मुलगा याच गाडीने एकीकडे नोएडा-गुरुग्रामला जातो, नाही तर दुसरीकडे पुण्याला. बेळगावचाही त्याच गाडीने पुण्याला जातो.

काम आलं ते ठिकाणही पक्कं नाही

पुण्याला हिंजवडीत, नवी मुंबईत हे काम वाढलं, त्यात परदेशातून आलेल्या कामाचा मोठा वाटा. अमेरिकेतल्या कंपनीचे सर्व्हर रात्रपाळीत इथून बघायचे, हा मोठा उद्योग झाला. त्याची दुसरी बाजू तिकडे दिसली. २०१५ मध्ये डिस्नेच्या फ्लोरिडातल्या सुमारे २५० आयटी कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. आपल्या जागी आलेल्या, बहुतांश भारतीय असलेल्या माणसांना काम शिकवून जायला त्यांना सांगितलं होतं. अमेरिकेत त्यावर मोठा गदारोळ झाला. ग्वाल्हेरच्या शाखेतल्या माणसाचं काम बेलापूरला गेलं आणि ऑरलँडोतल्या माणसाचं भारतात आलं, दोन्हीमागचा हिशेब एकच.

तो हिशेब पुण्यातही थांबत नाही. आयबीएमने ग्राहकांचे सर्व्हर सांभाळायचा आपला प्रचंड व्यवसाय २०२१ मध्ये किंड्रिल या वेगळ्या कंपनीत काढून टाकला. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं आणि त्यात मधल्या-वरच्या श्रेणीतली माणसं जास्त असतील असं सांगितलं. साध्या देखभालीची कामं आता स्वयंचलित स्क्रिप्ट करतात. डिस्क भरली की सॉफ्टवेअर आपणच जागा वाढवतं, रात्री कुणाला उठवत नाही.

काय गेलं, काय उरलं, काय नवं आलं

*गेलेलं किंवा जात असलेलं :* खोकं असेंबल करणं, टेप बदलणं, प्रत्येक संगणकावर हाताने सॉफ्टवेअर टाकणं, कार्यालयातला मेल सर्व्हर चालवणं, फक्त अलार्म बघून फोन करणं.

*उरलेलं :* नेटवर्क, वाय-फाय, कॅमेरे, कारखान्यातली यंत्रं, दवाखान्यातली तपासणीची मशीन, वीज-यूपीएस, आणि माणसांना समजावणं. जिथे हात लागतो ते काम गावातच राहतं.

*नवं आलेलं :* क्लाउडचं बिल आवाक्यात ठेवणं, सुरक्षा आणि लॉग तपासणी, स्क्रिप्टने शंभर सर्व्हर एकसारखे उभे करणं, पुरवठादाराच्या करारावर लक्ष ठेवणं. शेवटच्या कामाला कोणी ग्लॅमर देत नाही, पण त्याची गरज वाढती आहे. ज्याने आयुष्यभर स्वतः सर्व्हर सांभाळला, त्यालाच पुरवठादार कुठे थाप मारतोय ते कळतं.

माणूस काढून टाकल्यावर काय होतं : तीन घटना

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. ऑनलाइन यंत्रणा ठप्प झाली आणि नोंदणीपासून अहवालापर्यंत बरंच काम बरेच दिवस कागदावर चाललं. नेटवर्कची विभागणी नीट नसल्याने हल्लेखोर आत शिरू शकले, असं सरकारने संसदेत सांगितलं. नेटवर्कचे भाग पाडून मध्ये दारं लावणं हे सिस्टीमवाल्याचं जुनं, कंटाळवाणं, कुणाला न दिसणारं काम.

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतात विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. अपडेट दुरून आलं होतं, पण बऱ्याच मशीनची दुरुस्ती दुरून होईना. संगणकच सुरू होत नव्हते. प्रत्येकापाशी जाऊन तो सेफ मोडमध्ये उघडायचा, फाइल पुसायची, पुन्हा सुरू करायचा. ज्या कार्यालयात हे करणारा माणूस जागेवर होता तिथलं काम लवकर सुरू झालं.

त्यानंतर बाराच दिवसांनी, ३१ जुलै २०२४ ला, सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या सी-एज कंपनीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा फटका बसला. धोका पसरू नये म्हणून एनपीसीआयने तिला पैशांच्या देशव्यापी जाळ्यापासून तात्पुरतं तोडलं. देशातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी सेवा परत जोडली गेली. एकाच कंपनीकडे सगळ्यांनी काम दिलं की खर्च वाचतो, आणि ती कंपनी अडली की सगळेच एकदम अडतात. छोट्या बँकेच्या काउंटरवर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला मात्र शाखेतलं कुणीच काही सांगू शकत नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही ठेवलेलंच नव्हतं.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये सायबर हल्ल्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले, तेव्हापासूनच सहकारी बँकांच्या संचालकांना हा विषय माहीत आहे. माहीत असणं आणि त्यासाठी पगारी माणूस ठेवणं, यात अजून अंतर आहे.

नियमांनी पुन्हा उघडलेली दारं

दोन नियम या कामाच्या लोकांनी पाठ करावेत असे आहेत.

सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते, यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात आणि सगळ्या सर्व्हरची घड्याळं ठरावीक वेळेशी जुळलेली लागतात. ६ तासांत कळवायचं तर लॉग वाचता येणारं कुणी तरी हवं.

रिझर्व्ह बँकेचे आयटी आउटसोर्सिंगबद्दलचे निर्देश एप्रिल २०२३ मध्ये आले आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाले. ज्या बँका त्यांच्या कक्षेत येतात, त्यांना काम बाहेर देता येतं, जबाबदारी देता येत नाही. पुरवठादाराची तपासणी, त्याच्याकडून बाहेर पडायची योजना, डेटा कुठे आहे याचा हिशेब हे सगळं बँकेनेच ठेवायचं. याचा सरळ अर्थ, बाहेर दिलेल्या कामावर नजर ठेवणारा जाणकार घरात लागतो.

कुणी काय करावं

*शिकत असलेल्यांनी* फक्त एका कंपनीच्या उत्पादनावर भविष्य टाकू नये. मायक्रोसॉफ्टची एमसीएसई ही पदवी एके काळी क्लासच्या पाट्यांवर मोठ्या अक्षरात असायची. ती ३१ जानेवारी २०२१ ला बंद झाली. ब्रॉडकॉमने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये व्हीएमवेअर विकत घेतली आणि महिन्याभरात कायमचे परवाने विकणं थांबवून वर्गणी सुरू केली. खर्च वाढल्याने अनेक ग्राहक प्रॉक्समॉक्ससारख्या पर्यायांकडे वळले. लिनक्स, नेटवर्किंग आणि एक स्क्रिप्टची भाषा, मग बॅश असो की पायथन, हा पाया कंपनी बदलली तरी टिकतो. जुन्या डेस्कटॉपवर प्रॉक्समॉक्स टाकून चार आभासी सर्व्हर चालवायला फी लागत नाही. परीक्षा द्यायचीच तर रेड हॅटच्या आरएचसीएसएसारखी द्या, जिथे पर्यायावर खूण न करता समोरच्या मशीनवर काम करून दाखवावं लागतं.

*सरकारी नोकरीची आशा असणाऱ्यांसाठी* बँकांमधलं आयटी अधिकारी हे पद आयबीपीएसच्या विशेष अधिकारी परीक्षेतून भरलं जातं. वयोमर्यादा साधारण २० ते ३० वर्षं, राखीव गटांना सवलत. संगणकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स अशा शाखांचे अभियंते पात्र असतातच, पण साध्या पदवीधराने नाइलिटची ‘बी’ लेव्हल केली असेल तर तोही बसू शकतो. ही दुसरी वाट कमी लोकांना माहीत आहे. अर्ज करताना त्या वर्षीची जाहिरात वाचूनच खात्री करावी.

*पाच-दहा वर्षं काम केलेल्यांनी* आपलं काम दुरून करता येण्यासारखं आहे का, हे स्वतःलाच विचारावं. उत्तर ‘हो’ असेल तर ते दुरून करणाऱ्यांत आपण असायला हवं. म्हणजे क्लाउड आणि स्क्रिप्ट. उत्तर ‘नाही’ असेल, म्हणजे कारखाना, दवाखाना, नेटवर्क असं काम असेल, तर त्याच क्षेत्राचं खोल ज्ञान घ्यावं. मालनपूरच्या कारखान्यातलं यंत्र आणि संगणक दोन्ही ज्याला कळतं, त्याला बदलणं अवघड.

*चाळिशी ओलांडलेल्यांना* नवी परीक्षा द्यायला सांगणं सोपं आहे, घर चालवत ती देणं सोपं नाही. त्यांच्या हातात तीन गोष्टी आहेत : बिघाडाचा अनुभव, कागदपत्रांची सवय आणि शहरातली ओळख. वीस डॉक्टर, दहा शाळा, सीएची पाच ऑफिसं यांना पूर्णवेळ माणूस परवडत नाही, पण महिन्याला ठरावीक फी घेऊन बॅकअप, सुरक्षा आणि पुरवठादार सांभाळणारा कुणी हवा असतो. पूर्वीच्या एएमसीत मशीन दुरुस्त व्हायची, आता जबाबदारी विकायची. सुरुवात करताना लेखी करार, जीएसटीची मर्यादा आणि ‘बॅकअप गेला तर जबाबदार कोण’ हे कलम, या तिन्ही गोष्टी आधी मिटवाव्यात.

ठेक्यावर असाल तर कागद सांभाळा

एजन्सी बदलत राहते, म्हणून पुरावा आपल्याकडे हवा. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या आणि ओळखपत्रांच्या प्रती वर्षवार ठेवाव्यात. पीएफचा यूएएन क्रमांक एकच राहिला पाहिजे. नव्या एजन्सीने नवा काढला तर लगेच हरकत घ्यावी. ईपीएफओच्या पासबुकात दर महिन्याचा भरणा दिसतो, तो तीन महिन्यांतून एकदा तरी बघावा. पगारातून पैसे कापले आणि भरले नाहीत, तर प्रश्न एजन्सीपुरता राहत नाही, जिथे काम चालतं त्या मूळ कार्यालयापर्यंत जातो. ईपीएफओचं कार्यालय ग्वाल्हेरमध्येच आहे, ऑनलाइन तक्रारही करता येते. ग्रॅच्युइटीचा हिशेब सलग सेवेवर चालतो, त्यामुळे एजन्सी बदलताना ‘राजीनामा लिहून द्या’ असं सांगितलं तर सही करण्याआधी कामगार कायदा जाणणाऱ्याला विचारावं.

आणखी एक गोष्ट, जी सहसा कुणी सांगत नाही. काम सोडताना सगळे पासवर्ड लेखी हवाली करून पोच घ्यावी आणि आपली खाती बंद झाल्याची मेल मागावी. पुढे काही बिघडलं तर पहिलं बोट जुन्या माणसाकडेच दाखवलं जातं.

आणि नवी नोकरी घेताना मुलाखतीत दोन प्रश्न विचारायला लाजू नये. सर्व्हर कुठे आहे? आणि तो बंद पडला तर फोन कुणाला जातो? पहिल्याचं उत्तर दुसरं शहर असेल तरी बिघडत नाही. दुसऱ्याचं उत्तर तुम्ही नसाल, तर ती खुर्ची किती वर्षांची आहे ते तिथेच समजून घ्यावं.